रॉकेलरावांचा वास

प्रयोगशाळेत सगळे त्यांना रॉकेलराव म्हणत आणि त्यांनाही त्याचा राग नव्हता. खाणीतून येणाऱ्या पाण्यातलं युरेनियम वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. तोटीच्या उभ्या काचपात्रात पाणी घ्यायचं, वरून रॉकेलसारख्या तेलात कालवलेलं रसायन ओतायचं, बूच दाबून घुसळायचं आणि मुकाट्याने थांबायचं. तेल वर तरंगतं, तेच धातूला ओढून घेतं; खालचं पाणी तोटीतून सोडून घ्यायचं. उभा जन्म या घुसळण्यात गेला. फाटकावरचं यंत्र रोज त्यांना तपासून निर्धोक ठरवी, पण वास कुठल्या यंत्राला सापडतो? तो इतका मुरला होता, की साबणालाही दाद देत नसे.

घरी पाऊल टाकायच्या आत बायको ओरडे, "आलात का? कशाला हात लावू नका, आधी आंघोळ!" नवी नवरी होती तेव्हापासून तिचं हेच स्वागत.

पुढे तिची स्मरणशक्ती विरत गेली. आठवणीतून शेजारणी गेल्या, पोटची मुलगी गेली, शेवटी नवऱ्याचा चेहराही गेला. पण संध्याकाळी तो वास आला की ती मान वर करी आणि आंघोळीचा हुकूम सोडी. रॉकेलरावांना तेवढं पुरे होतं.

मग प्रयोगशाळेत नवं तेल आलं. मेन्थॉलचे खडे आणि वनस्पती तेलातून काढलेलं आम्ल एकत्र गरम केलं, की दोन्ही वितळून तेल होई. ना भडका उडायची भीती, ना डोकं धरणारी वाफ. धातूही झकास निघत होता.

"आता तुमचं नाव बदलायला हवं हं," प्रमुख बाई म्हणाल्या. रॉकेलरावही हसले.

काही दिवसांत अंगातला जुना वास उतरला. एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले, तर तिने मान वर केली नाही. त्यांनी हाक मारली, तशी तिने शाल घट्ट ओढून घेतली.

"कोण पाहिजे?"

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, हे कधीतरी होणारच होतं." ते खरंच होतं. पण घरात दोन माणसं असून त्यांना बोलायला कोणी उरलं नव्हतं, आणि हे त्यांना सोसवेना.

शेवटी त्यांनी कुठूनसं बाटलीभर रॉकेल मिळवलं. जिन्यात उभं राहून चोरासारखं सदऱ्याच्या बाह्यांना लावलं आणि दार उघडलं.

"आलात का? कशाला हात लावू नका, आधी आंघोळ!"

रॉकेलराव खुर्चीकडे वळले. "अगं, जरा टेकू तर दे."

"काही नाही! आधी आंघोळ!"

तिचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. आनंदाच्या भरात पुढचं सुचलंही नाही. ते गेले, अंग रगडून न्हाले, सदरा बादलीत बुडवला, धुतलेले कपडे घालून, केस विंचरून बाहेर आले.

ती त्यांना बघून अवघडली.

"बसा ना," ती म्हणाली. "आमचे हे आंघोळीला गेलेत. येतीलच इतक्यात."

त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासोबत वाट बघत बसले.