दुसऱ्याच्या मापाची कबर

गुरुवारी सकाळी नऊ वाजता माझी बायको स्वयंपाकघरात खाली बसली. दहा वाजता इस्पितळात डॉक्टरांनी ती वारल्याचं सांगितलं. दुपारी चार वाजता आम्ही तिला पुरलं.

त्याच दिवशी पुरता आलं, कारण आमच्या चर्चच्या मंडळीत एक कबर नेहमी खणून तयार असते. रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती लोक थोडे, आणि आमची दफनभूमी सड्यावर, उघड्या पठारावर, अख्ख्या जांभ्या दगडात. तिथे एक खड्डा पहारीने फोडायला दोन दिवस लागतात. मयत तेवढा वेळ घरात ठेवता येत नाही. म्हणून एक कबर वापरली की महिन्याच्या आत पुढची खणायची आणि वर पत्रे टाकून ठेवायचे, अशी रीत आहे. मजूर लावत नाहीत. मंडळीतलेच कारकून, शिक्षक, कंपाउंडर शनिवारी पहार हातात घेतात. पाळ्यांची यादी माझ्याकडे असते, कारण मी ग्रंथपाल आहे आणि यादी म्हटली की लोकांना मीच आठवतो.

ती कबर तिच्यासाठी नव्हती. आमच्यातले सर्वांत वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणतात, तेव्हा नव्वदीला पोचले होते आणि नुकतेच न्यूमोनियातून उठले होते. कुणी बोललं नाही, पण कबर कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. खणायच्या दिवशी ते स्वतः रिक्षाने सड्यावर आले. काठी जमिनीवर आडवी टाकून म्हणाले, "माझ्या मापाने काढा रे. उभ्या जन्मात पाय दुमडून झोपलो नाही, आता काय शिकणार?" सगळे हसले. मीही हसलो. काका सहा फुटांच्या वर आहेत. माझी बायको पाच फूटही नव्हती.

पेटी खाली गेली तेव्हा पायाशी हातभर जागा रिकामी राहिली.

पहिली मूठ माती सर्वांत वयस्क माणसाने टाकायची असते. काकांना दोघांनी खुर्चीवरून उठवलं. त्यांनी माती टाकली. त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात आलं, हा माणूस आत हवा होता. हे विचार करून आलं नाही. आधीपासून तिथेच बसलेलं असावं, तसं आलं.

मग लोक घरी येऊन बोलू लागले. देवाने तिला बोलावून घेतलं. देवाच्या बागेत एक फूल कमी होतं. एक बाई म्हणाल्या, "खड्डा तयार मिळाला, केवढी सोय झाली बघा. देव सगळं आधी जाणतो." मी त्यांना चहा दिला. मी भांडणारा माणूस नाही, पण ती कपबशी त्यांच्या हातातून ओढून भिंतीवर फेकावी असं मला वाटलं. कुठल्या शास्त्रात शिकले हे लोक? आमच्या शास्त्रात मृत्यू शत्रू आहे, शेवटचा शत्रू. शत्रू घरात शिरून माणूस उचलून नेतो आणि आपण त्याला देवाचा निरोप्या म्हणायचं? प्रभू आपल्या मित्राच्या थडग्यापाशी रडला, एवढं सगळ्यांच्या लक्षात असतं. तिथे तो मनातून खवळला होता, हेही लिहिलेलं आहे. थोड्याच वेळात त्या मित्राला मेलेल्यांतून उठवणार होता, तरी खवळला. त्याने कुणाला फुलाची गोष्ट सांगितली नाही. त्याला जे गोड वाटलं नाही ते मी गोड का मानावं?

हा राग मला आजही बरोबर वाटतो. पण त्याच्या आडोशाने दुसरा राग जगत होता.

तीन आठवड्यांनी पुढची कबर खणायची वेळ आली. मी यादीत दोन्ही दिवस माझंच नाव लिहिलं. माप कुणी विचारलं नाही, मीच सांगितलं, काकांचंच. हाताला फोड येऊन फुटले तरी मी पहार सोडली नाही. मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, "दुःखातही सेवा कशी करावी ते तुमच्याकडून शिकावं." मी मान खाली घातली. मी सेवा करत नव्हतो. प्रत्येक घावाबरोबर मी एका म्हाताऱ्या माणसाचं मरण मागत होतो. मुलांच्या रविवारच्या शाळेत मी वर्षानुवर्षं माणसाच्या पतनाचा धडा शिकवला, बाग, झाड, फळ. तो दुसऱ्या कुणाचा इतिहास असल्यासारखा शिकवला. आणि त्याच धड्याच्या पुढच्या पानावर भावाचा जीव घेणारा पहिला माणूस शेतकरी होता, रोज माती उकरणारा, हे मला कधी खटकलं नव्हतं.

त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूच्या आठवणीत सगळे भाकर मोडून खातात तेव्हा, भाकरीचं ताट आलं की मी न घेता शेजारी सरकवू लागलो. भावाविषयी मनात असं असताना त्या ताटाला हात लावायचा नसतो. शेजारी काका बसायचे. पूर्वी उपासनेनंतर आम्ही दोघं नवराबायको त्यांच्याकडे जायचो. बायको डब्यातून बांगड्याचं सार न्यायची. काकांना दिसत नाही, म्हणून मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. ते मी बंद केलं होतं. पाचव्या महिन्यात त्यांनी सुनेकडून निरोप पाठवला. मी गेलो.

"ये. घर सापडलं म्हणायचं."

"वेळ नव्हता, काका."

"सून वाचते पेपर. पण हवामान वाचते आणि लग्नाच्या जाहिराती. मला आता कुठली बायको बघायची आहे?" मग आवाज उतरवून म्हणाले, "ताट तसंच माझ्याकडे सरकवतोस. डोळे गेलेत, कान आहेत. तुझ्याकडे भाकर मोडल्याचा आवाज येत नाही. माझं काही चुकलं का?"

तेव्हा मी सांगितलं. कबरीपाशी काय वाटलं, आणि पुढची कबर कुठल्या मनाने खणली, तेही. वाटलं होतं, ते म्हणतील, बाबा रे, मीही रोज मरणच मागतो. नव्वदीची माणसं असं म्हणतात.

त्यांनी चाचपडत काठी जवळ ओढली.

"मला नाही मरायचं, मेल्या," ते म्हणाले. "सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्याला घाई आहे. काठी टाकून चेष्टा केली ती भीती वाटली म्हणून. मला उद्याचा चहा हवा आहे."

"काका, मला क्षमा करा."

"आज नाही करत. आज मला राग आलाय तुझा. पुढच्या रविवारी ये."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. आता पेपर घे. पहिल्या पानापासून, आणि जाहिराती गाळ."

तिला जाऊन वर्ष होत आलं. काका जिवंत आहेत. मृत्यूवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी प्रार्थना मी करत नाही. मी दर रविवारी काकांकडे जातो. क्षमा केली असं ते अजून म्हणाले नाहीत, आणि भाकरीचं ताट मी अजून न घेताच पुढे देतो.