शालूताईंचं नवं हेल्मेट

शालूताई गेल्याचं ज्यांना ज्यांना फोनवर कळवलं, त्यांतल्या बहुतेकांनी आधी एकच विचारलं, "गाडीवर होत्या का?" नाही... ताई घरीच गेल्या. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि आम्ही दवाखान्यात न्यायला निघेपर्यंत सगळं संपलं होतं. आता काही आठवडे उलटले, तरी तो प्रश्न मनातून जात नाही. आमच्या अख्ख्या बूढापारा मोहल्ल्यानं वर्षानुवर्षं धरूनच ठेवलं होतं, की मोटारसायकल चालवणारी ही बाई एक दिवस रस्त्यावरच जाणार. तसं झालं नाही. आणि ते काही नशिबानं टळलं नाही, एवढं सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

ताई माझ्या मोठ्या नणंद. त्यांचे मिस्टर अकाली गेले आणि त्यांच्या जागी ताईंना सरकारी नोकरी मिळाली. पुढे ऑफिस गावापासून लांब, छत्तीसगढ़च्या नव्यानं वसवलेल्या राजधानीत गेलं. ऑफिसची बस होती, पण संध्याकाळी ती इतका वळसा घालून यायची की शाळेतून आलेली ऋचा, ताईंची मुलगी, अंधार पडेपर्यंत घरात एकटी. मिस्टरांची मोटारसायकल अंगणात चादरीखाली उभी होती. माझे यजमान, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, ती विकायला निघाले तर ताई म्हणाल्या, "विकू नको. मले शिकव." लोक हसले, यांनीही कपाळाला हात लावला, पण शिकवलं. त्यानंतर साडीवर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट अशा ताई रोज सकाळी निघायच्या आणि ऋचा शाळेतून यायच्या सुमारास चहाचं आधण ठेवायला परतायच्या.

मग एका पावसाळ्यात राजधानीकडे जाणाऱ्या नव्या रुंद रस्त्यावर ताईंच्या गाडीपुढे अचानक गाय आली. ताई दुभाजकावर आपटल्या. डावा हात मोडला, डोक्याला मात्र काही झालं नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी आमच्या यांनी विषय काढला.

"ताई, बस झालं आता. ऋचा मोठी झाली. बसनं जात जा."

"पाहू. पह्यले हेल्मेट घेतो."

"काहून? काच बदलली की झालं. साधा ओरखडा तर आहे."

ताईंनी ते हेल्मेट मांडीवर घेतलं, आतला थर्माकोल अंगठ्यानं दाबून पाहिला. म्हणाल्या, "यानं माझ्या वाटचा मार खाल्ला. दुसरा मार याले सोसत नाही." मग कात्री आणून त्याचा पट्टा मुळापासून कापला. मला नवल वाटलं. भंगारातच द्यायचं तर कापायचं कशाला? "कोनी गरीब मानूस उचलंल, घालंल," त्या म्हणाल्या, "अन् भरोसा ठेवंल ना त्याच्यावर."

सदर बाजाराच्या वाटेवरच्या दुकानात त्या मलाही घेऊन गेल्या. दुकानदारानं आमच्याकडे बघून गुलाबी, अर्धवट डोकं झाकणारी टोपलीच पुढे केली. "दीदी, ये लो. लेडीज़ में यही चलता है, एकदम हल्का." ताई शांतपणे म्हणाल्या, "भैया, सिर लेडीज़ है. सड़क तो सबकी एक ही है ना?" मग एकेक पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट उतरवून घेतलं. पट्टा बांधायचा, जोरात मान हलवायची, मग मला म्हणायच्या, "मीना, मागून ओढ. अजून जोरानं." एक कपाळावरून सरकलं, तर ते बाजूला. दुसऱ्याच्या काचेतून कडेचं दिसेना. तिसरं घट्ट बसलं तर ते घालून त्या दुकानात स्टुलावर बसूनच राहिल्या. कुठे टोचतं का ते म्हणे बसल्याशिवाय कळत नाही. येणारेजाणारे बघत होते, मी लाजेनं अर्धी झाले होते... ताई आत निवांत. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "ये मेरा. अब इसके नाप का दिखाओ."

"मले कशाला, ताई? मी तर मागं बसते."

"मागं बसनाऱ्याचं डोकं का घरी राह्यते?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ताई म्हणाल्या, चल, एक चक्कर मारून येऊ. नवी हेल्मेटं घालून आम्ही निघालो. गावातल्या गर्दीत ठीक होतं, पण तो मोकळा रस्ता लागला तशी मला त्यांची पाठ ताठ झालेली जाणवली. जिथे पडल्या होत्या त्याच्या जरा अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं वाटेत थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मले भेव लागून राह्यलं, मीना."

"मग परत जाऊ ना, ताई. कोणी काही म्हणणार नाही."

त्यांनी हनुवटीखालचा पट्टा पुन्हा घट्ट केला. मग म्हणाल्या, "भेव लागते तर हळू जाऊ. परत काहून जाऊ?" आणि किक मारली. धाडसी बाई म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात, तेव्हा मला नेहमी हे आठवतं. निर्भय नव्हत्याच त्या. भीतीला मागे बसवून त्या जपून गाडी चालवत राहिल्या, थेट निवृत्त होईपर्यंत.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ऑफिसातल्या बायका भेटायला आल्या. सगळ्यांत शेवटी पूर्णिमा आली. ही छत्तीसगढ़ी मुलगी नोकरीला लागली तेव्हा कित्येक महिने ताईंच्या मागे बसून जायची. मग ताईंनीच तिला गाडी शिकवली. फाटकापाशी गाडी लावून ती तशीच धावत आत आली आणि ताईंच्या फोटोसमोर उभी राहिली. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं भानही तिला नव्हतं. खोलीत कोणी हसलं नाही. हेल्मेटच्या आतून हुंदके ऐकू येत होते आणि तिच्या श्वासानं काच पार धुरकटली होती. मी उठले, तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला, आणि दोन्ही हातांनी ते हलकेच वर उचललं.