दसऱ्यानंतरची पहिली काच

माझा स्वभाव मुळातच अस्वस्थ. गॅस बंद केलाय का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत वर जातो. बायको म्हणते, तुझ्याबरोबर कुठे जायचं तर दोनदा निघावं लागतं. अशा माणसाच्या हाती मुलुंडच्या काच कारखान्यात व्हॅक्यूम लिफ्टर देणाऱ्याला एक तर फार अक्कल असावी, नाहीतर अजिबात नसावी. मला अजूनही नक्की ठरवता आलेलं नाही.

यंत्र तसं साधं. क्रेनला टांगलेली लोखंडी चौकट आणि तिला रबरी वाट्या. उभ्या काचेला वाट्या टेकवायच्या, पंप आतली हवा ओढून घेतो, आणि भिंतीएवढी काच नुसत्या त्या चिकटण्यावर वर उचलली जाते. पंपाच्या मापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की काच चार बोटं वर उचलायची, थांबायचं, बघायचं, मगच पुढे न्यायची. खाली किंवा पडेल त्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. आणि घसरलीच तर हात लावायचा नाही, पडू द्यायची. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण समोर काही पडायला लागलं की माणूस आधी हात पुढे करतो. मला रोज भीती वाटायची ती याचीच.

माझ्या जोडीला कणकवलीकडचा एक मित्र होता. काच हवेत असताना चौकटीला बांधलेली दोरी लांबून धरून तो तिची दिशा सांभाळायचा. चार बोटं उचलून मी थांबलो की त्याचं सुरू व्हायचं. "मेल्या, किती वेळ बघीत रवतलस? काच आसा ती, तुझी नवरी नाय." मी चिडायचो आणि मुद्दाम आणखी थोडा थांबायचो.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मी बोरिवलीला सासुरवाडीत अडकलो होतो, म्हणून माझं यंत्र त्याने सजवलं. अगदी मन लावून सजवलं. चौकट पुसली, झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. वाट्या पांढुरक्या पडलेल्या दिसल्या, तर घरून आणलेलं खोबरेल चोळून त्या काळ्याभोर केल्या. पूजेला ठेवायची वस्तू, मग ती कोयती असो की शिलाई मशीन, तेलपाणी करूनच ठेवायची, असंच आम्ही दोघंही लहानपणापासून बघत आलेलो. ते मला सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर आलो आणि नेहमीप्रमाणे वाट्या पुसल्या. हळदीकुंकू निघालं. तेल रबरात मुरलं होतं, ते फडक्याला निघालं नाही. वासही आला नाही, कारण सगळा कारखाना अजून उदबत्ती आणि झेंडूने भरलेला होता.

काटा हिरव्यात आला. चार बोटं उचलली, थांबलो. सगळं ठीक होतं, तरी माझं मन काही स्वस्थ होईना. बाहेर टेम्पो खोळंबला होता आणि शेठ दारातून घाई करत होते. मी काच पुढे घेतली.

कमरेइतक्या उंचीवर असताना वाटीच्या खाली काचेवर एक ओला पट्टा दिसला. तो लांबत गेला. काच सरकत होती आणि काटा तरीही हिरव्यातच होता. वाट्यांनी आत हवा येऊ दिली नव्हती, पण तेलावर रबराची पकड नव्हती, हे नंतर डोक्यात आलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की माझा मित्र दोरी टाकून धावला आणि दोन्ही पंजे काचेच्या खालच्या कडेला लावून उभा राहिला.

मी त्याला आईवरून शिवी घातली. इतक्या जोरात मी आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो. तो दचकून मागे झाला आणि काच खाली आली. भट्टीत कडक व्हायच्या आधीची काच होती ती, फुटली की तिची पाती होतात. एक पातं घसरत त्याच्या बुटापाशी येऊन थांबलं.

शेठ मला वाट्टेल ते बोलले. मित्र मध्ये पडला. "शेठ, तेल मी लावलंय, त्याका बोलू नका." मग सगळ्यांनी वाट्यांना बोटं लावून वास घेतला. मला त्या तेलाचं काहीच वाटलं नाही. माझा राग वेगळाच होता, आणि तो चहाच्या टपरीपर्यंत माझ्याबरोबर आला.

"हात का घातलास रे? माहीत नव्हतं तुला?"

तो चहावरची साय फुंकरीने बाजूला करत होता. "माका दिसला, ती घसरता. वाटला, फुटली तर तुका घरी बसवतले."

"आणि तुझे हात?"

"हातांचो इचार मनातच इलो नाय."

मी त्याच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला. आणि मग त्याचे दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले, दोनदा.