सुनंदाची शेगडी

हे नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुला सांगते – पण मध्ये थांबवू नकोस गं.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. भिवपुरीजवळ आमची दोघींची घरं, मध्ये एकच भिंत. ती फोनवर छोटे छोटे व्हिडिओ टाकते. मागच्या पडवीत चूल, त्यावर तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी. आणि खाली बायकांची नुसती झुंबड! ‘ताई, चुलीची चव गॅसला नाही.’ ‘किती गं साधी तू!’ अगं, लिहिणाऱ्या कोण? ज्यांनी जन्मात कधी फुंकणी तोंडाला लावली नाही त्या! कुकरच्या तीन शिट्ट्या की ह्यांचं जेवण तयार, आणि हिनं मात्र धूर खात बसावं?

संताप होतो माझा. पण कुठल्या तोंडानं संतापते मी – तेच सांगायचंय.

सुनंदाकडे गॅस होता. धुरानं तिला धाप लागते, म्हणून दिरानं आणलेला. रोजचं रांधणं त्यावर, चूल व्हिडिओपुरती. त्यात काय पाप होतं? काही नाही. पण एका लग्नात बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, फोटो काढायला – आणि मला म्हणाल्या, जरा बाजूला व्हा. तिला भाकरी थापायला शिकवलं कुणी? मीच ना! झोंबलं गं.

दुसऱ्या नावानं खातं काढलं आणि तिच्या व्हिडिओखाली लिहिलं – ‘हिच्या घरी गॅस आहे. चूल नाटक.’

तेवढंच. पुढचं त्या लिहिणाऱ्या बायकांनी केलं. ‘फसवलंस’, ‘गरिबीचं सोंग’ – वाट्टेल ते! खेड्यातल्या बाईकडे गॅस म्हणजे जसा काही चोरीचा माल! मीही सुनंदाजवळ बसून त्यांना शिव्या घातल्या. तिचे डोळे पुसले – माझ्या पदरानं. लाज कशी वाटली नाही मला?

चार दिवसांनी शेगडी-सिलिंडर घेऊन ती माझ्या दारात. "ताई, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आता खरंच चुलीवर करनार मी. बगू दे त्यांना, मी खोटी नाय." तेव्हा तरी बोलायचं होतं. मी सिलिंडरला हात लावला, दोघींनी मिळून आत घेतला.

आता दोन्ही वेळेला तिची चूल पेटते. परवाच्या व्हिडिओत भाकरी थापता थापता ती खोकत होती. खाली एका बाईनं लिहिलं, ‘आता कशी खरी वाटतेस!’ मी ते वाचत होते तेव्हा भिंतीपलीकडून तिचा खोकला येत होता, आणि तिच्या शेगडीवर माझा चहा उकळत होता.