लोकेशनमध्ये मी बॉम्बे लिहिलं

पाण्याचा फ्लो रोज थोडा थोडा पडत होता. अवी, म्हणजे आमच्या क्लिनिकचा मॅनेजर, माझ्यामागे उभा राहून मीटरकडे टक लावून बघत होता. नुसतं बघून काटा वर चढला असता तर मला कोणी पगार दिला नसता.

इस्रायलमधल्या लोद शहरात एका खाजगी डायलिसिस क्लिनिकमध्ये मी टेक्निशियन होते. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त मशीन धुतं, आणि त्या मशीनला पाणी लागतं. साधं नव्हे, पाणी सोडून दुसरं काहीही नसलेलं. ते मागच्या खोलीतला आरओ प्लांट करायचा. त्यात मेम्ब्रेन नावाची गाळणी असते, इतकी बारीक की पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. गाळणीच्या आधी एक टाकी, सॉफ्टनर. तिच्यातले मणी पाण्यातला चुना धरून ठेवतात. मणी भरले की ते मिठाच्या पाण्यानं धुवायचे. आमचा सॉफ्टनर रात्री आपोआप धुतला जायचा. एवढं कळलं की माझी अर्धी नोकरी तुम्हीही करू शकता. उरलेली अर्धी मॅनेजरला समजावण्यात जायची.

फ्लो आणखी पडला तर संध्याकाळची शिफ्ट बंद करून तिचे पेशंट दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचे, असं अवीनं ठरवलं होतं. त्या शिफ्टमध्ये फ्लोरामावशी होती. माझ्यासारखीच मराठी ज्यू, मूळची पेणकडची, बॉम्बेहून आलेली. इतकी वर्षं लोदमध्ये काढून तिचं हिब्रू भाजी घेण्यापुरतं. मुलगा तिच्याशी हिब्रूत बोलायचा, ती त्याला मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं. पण तो दिवसभर विमानतळावर ड्यूटीला. क्लिनिकमध्ये तिचं बोलणं कळणारी मी एकटी.

"अगो रीना," ती मला म्हणाली, "मी कुठे जायची नाही. छातीत दुखलं तर तिथे सांगू कोणाला? भिंतीला? त्यापेक्षा घरी बसेन."

डायलिसिस सोडून घरी बसणं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

प्लांट बसवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. विचारायला उरला एक फोरम. पाण्याच्या प्लांटवर काम करणारी जगभरची माणसं तिथे इंग्रजीत आपापली रडगाणी मांडत. मेंबर होताना लोकेशन भरावंच लागे, आणि अवीनं तेव्हाच बजावलं होतं की क्लिनिकचं नाव नाही, गाव नाही, देशसुद्धा नाही. क्लिनिक चालवायच्या आमच्या कंत्राटावर दुसऱ्या एका कंपनीचा डोळा होता; ती पाण्याची यंत्रंही विकायची. आपल्याकडे काय बिघडतं ते तिच्या कानावर जायला नको. मलाही ते पटलं, वेगळ्या कारणानं. दिवस वाईट होते. फोरमवर आमच्या देशाचं नाव दिसलं की पंपाचा प्रश्न बाजूला राहायचा आणि लोक राजकारणावर तुटून पडायचे.

म्हणून मी लिहिलं, बॉम्बे.

तेव्हाची मी पन्नाशीची, नुकतीच आजी झालेली, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. खोटं बोलायचं तर मन लावून बोलावं, या तत्त्वानं मी भायखळ्याच्या नळाच्या आणि चाळीतल्या टाकीच्या गोष्टी लिहायला लागले. कोणी विचारलं, पाऊस कसा आहे, की मी लिहायची, कोसळतोय. बाहेर जुलैचं ऊन, ढगाचा पत्ता नाही, आणि ही बाई एअरकंडिशनरखाली बसून जगाला भिजवतेय. त्या शहरात पाऊल ठेवल्याला जमाना झाला होता.

तर या बॉम्बेवाल्या मॅडमनी प्रश्न टाकला: फ्लो पडतोय, काय करू? उत्तरं पटापट आली, प्रेमानं आली, आणि सगळी बॉम्बेच्या हिशेबानं आली. पावसाळ्यातलं गढूळ पाणी, मेम्ब्रेनवर बुळबुळीत थर बसला असणार, कॉस्टिक सोड्यानं धुवा. शुक्रवारी क्लिनिक बंद झाल्यावर मी धुतलं. पाठ मोडली, शबातचं, म्हणजे आमच्या सुट्टीच्या रात्रीचं जेवण सुनेनं रांधलं आणि ते सगळ्यांना ऐकवलं. रविवारी फ्लो आणखी पडलेला.

मग एक पोस्ट आली. लिहिणारा शिमॉन, डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात बॉयलर आणि पाणी बघणारा. लोकेशनमध्ये चक्क किर्यात गात. त्यानं लिहिलं होतं, "आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरींचं पाणी जास्त सोडतात. त्यात चुना फार. सॉफ्टनर पुरा पडत नाही, आणि तुम्ही सांगता तसंच सगळं होतं. पण बॉम्बेत हे कुठलं व्हायला. माझं सोडून द्या, मॅडम."

किर्यात गात म्हणजे आमच्यापासून तासाभरावर. शेजारचा माणूस माझ्या हातात उत्तर ठेवून ते परत काढून घेत होता.

तरी मला खात्री वाटेना. चुना रोज सकाळी मीच तपासायची. नमुन्यात थेंब टाकायचे. निळा झाला की चुना नाही, लालसर राहिला की आहे. रोज छान निळा. हे त्याला विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर मी कुठे बसलेय ते सांगणं आलं. मी अवीकडे गेले. मी त्या एकट्यालाच मेल करीन म्हटलं.

"आणि तो त्या कंपनीचा माणूस निघाला तर?"

"अवी, तो मटार उकळतो."

"मटार उकळणाऱ्याला मेव्हणा नसतो?"

आमच्या देशात प्रत्येकाचा मेव्हणा प्रत्येक ठिकाणी असतो.

"बरं," मी म्हटलं, "मग फ्लोराला तू सांग की तिला पाठवतोयस. मी शेजारी उभी राहून भाषांतर करते."

त्यानं टेबलावरची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "कर मेल. क्लिनिकचं नाव घालू नकोस."

मी शिमॉनला खरं काय ते लिहिलं, फोन नंबर दिला. त्याचा लगेच फोन आला. पहिला प्रश्न, लोदमध्ये पाऊस कसा आहे. पोटभर हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "चुना कधी तपासतेस?"

"सकाळी, आल्या आल्या."

"सॉफ्टनर रात्री धुतला जातो. सकाळी तो नुकता न्हालेला असतो, तेव्हा निळाच दिसणार. संध्याकाळी बघ, दमल्यावर."

संध्याकाळी पाहिलं. लाल. मशीनना जाणारं पाणी अजून चांगलं होतं, पण मार गाळणी खात होती. दुपारी मणी भरून जायचे आणि पुढचा सगळा चुना तिच्यावर जाऊन बसायचा. त्यावर मी ओतलं कॉस्टिक, ज्यानं चुना हलत नाही, उलट घट्ट बसतो. चुन्याला आंबट लागतं. लहानपणी पाण्याच्या पिंपाचे पांढरे डाग आम्ही चिंचेनं घासायचो, ते मात्र या बॉम्बेवालीला आठवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ॲसिडनं धुतलं. दुसरा सॉफ्टनर येईपर्यंत दोन शिफ्टच्या मध्ये मी हातानं वॉल्व्ह फिरवून मणी धुवायची. फ्लो पहिल्यासारखा झाला नाही, पण संध्याकाळच्या शिफ्टला पुरला. फ्लोरामावशी तिच्या खुर्चीवर राहिली. तिनं घरी मलिदा केला: गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराच्या नावानं. नवस बोलली होती म्हणे. शिमॉनचं नाव निघालं नाही, माझंही नाही. डायलिसिसच्या पथ्यात खोबरं आणि केळी तिला बंद, म्हणून तिनं पोह्यांचा चिमूटभर घास घेतला आणि बाकीचं आमच्याकडून संपवून घेतलं.

अवीची भीतीही खोटी ठरली नाही. त्या दुसऱ्या कंपनीच्या सेल्समनचा त्याला फोन आला: तुमचा सॉफ्टनर दमतो असं ऐकलं. कोणाच्या मेव्हण्यानं सांगितलं ते कळलं नाही. अवी काही दिवस माझ्यावर चिडून होता. मग त्याच सेल्समनकडून दुसरा सॉफ्टनर घेतला, कारण तो स्वस्तात देत होता. कंत्राट आमच्याकडेच राहिलं.

फोरमवरचं लोकेशन मी बदललं. गाव नाही, देश नाही. लिहिलं, उष्ण प्रदेश, विहिरीचं पाणी, चुना भरपूर. आता नातवंडं मला विचारतात की नेटवर ठिकाण सांगावं का. मी सांगते, कोण आहात ते खुशाल लपवा. कशात उभे आहात ते लपवलंत, तर भली माणसं मनापासून चुकीचा सल्ला देतात, आणि त्यांना बोलही लावता येत नाही.