दत्तक खेळाडू

काचेच्या कारखान्यात तिला सगळे बाटलीबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. पट्ट्यावरून बाटल्या एकामागोमाग सरकत यायच्या, त्यांच्या पाठीमागे पांढरा दिवा जळत असायचा, आणि ती स्टुलावर बसून त्या उजेडात प्रत्येकीच्या पोटात डोकवायची. कुठे केसाएवढा तडा, कुठे बुडबुडा, कुठे गळ्याशी खडा. खोट दिसली की हात आपोआप पुढे जायचा आणि बाटली बाजूच्या पेटीत पडायची, पुन्हा भट्टीत जायला. तिचा नवरा कारखान्याच्याच टेम्पोवर ड्रायव्हर. तो आल्यागेल्याला सांगायचा, आमची ही दिवसभर बाटलीवर असते आणि मी स्टिअरिंगवर, बाहेर बोलू नका, माझा परवाना जाईल. हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता की त्यांची मुलगी शेवटचे शब्द त्याच्याबरोबरच म्हणायची, तेही त्याच्याच चेहऱ्याने.

मुलीला भिंगरी म्हणत. ती चालायला लागली आणि लगेच पळायलाच लागली, मधलं काही झालंच नाही, असं तिची आई सांगायची.

ती त्यांच्या पोटची नव्हती. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून, डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून त्यांनी तिला एका संस्थेतून आणलं होतं, आणि ती घरात रुळताच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातून बदली मागून या गावात आले होते. इथे कुणाला काही माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त नवऱ्याच्या बहिणीला, म्हणजे आत्याला. आत्या तोंडाची फटकळ, पण ही एक गोष्ट तिनेही पोटात ठेवली होती. संस्थेतल्या म्हाताऱ्या बाईंनी निघताना बजावलं होतं, की पोरीला लहानपणीच सांगून टाका, गोष्ट सांगतात तसं. दोघांनी मान डोलावली होती. मग शाळेत जायला लागली की सांगू म्हणाले. मग जरा समज येऊ दे म्हणाले. बाटलीबाई रोज सकाळी फळीवरच्या देवापुढे दिवा लावायची आणि मनातल्या मनात म्हणायची, तूच काय ती वेळ काढ. नवरा म्हणायचा, सांगू की, घाई काय आहे. पोरगी पंधरा वर्षांची झाली तरी घाई काही आली नव्हती.

आणि मग कंपनीने त्यांची वस्ती दत्तक घेतली.

कारखान्याच्या मागे राखेचे ढिगारे पडलेली मोकळी जागा होती. ती साफ करून कंपनीने तिथे मैदान केलं, भोवती पळायला लाल मातीचा गोल मार्ग केला. शेजारच्या बंद गोदामात मुलांसाठी अभ्यासिका आली, पुस्तकांची कपाटं आली, आठवड्यातून एकदा डॉक्टरांची गाडी यायला लागली. खोटं कशाला बोला, कामं चांगली झाली. पूर्वी पोरं संध्याकाळी भिंतीला टेकून टिवल्याबावल्या करायची, ती आता दिव्याखाली गणितं सोडवायला लागली. फक्त मैदानाच्या फाटकावर मोठी पाटी लागली: ही वस्ती आमच्या कंपनीने दत्तक घेतली आहे.

वस्तीला ती पाटी म्हणजे करमणूक झाली. नळावर बायका म्हणायच्या, चला, म्हातारपणी का होईना, बाप श्रीमंत मिळाला. एकजण म्हणाली, बापाला सांगा, पोरीच्या नळाला पाणी येत नाही. सगळ्या हसल्या. बाटलीबाईही हसली, पण दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाताना फाटकावरून न जाता पाठीमागच्या बोळाने जायला लागली. बोळात उघडं गटार होतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, इकडून सावली असते.

मैदानावर सर आले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. त्यांनी मुलींना पळायला लावलं आणि थोड्याच दिवसांत भिंगरीला वेगळं काढलं. तिला कंपनीचे बूट मिळाले. पण डाव्या पायाचा अंगठा तिचा जन्मापासून जरा आत वळलेला, त्यामुळे डावा बूट तिला चावायचा. घरी आली की आई तिचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्याला खोबरेल लावायची, बुटात आतून मऊ फडक्याची घडी शिवून द्यायची. सर म्हणाले होते की मोठ्या शहरात कंपनीचं क्रीडा वसतिगृह आहे, तिथे ही पोरगी कुठल्या कुठे जाईल. भिंगरीने तिथल्या तिथे नाही म्हटलं होतं. माझा अंगठा आईशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं सरांना सांगून आली होती.

त्या रविवारी दुपारी बाटलीबाई खाटेवर बसून भिंगरीच्या पळायच्या चड्डीला इलास्टिक भरत होती. भिंगरी मैदानावरून आली. बूट दारात काढले. मग बापाचा विनोद करतानाचा चेहरा करून, तसाच गंभीर, ती आईसमोर उभी राहिली.

"आई, आज मला एक गोष्ट कळली. मी दत्तक आहे."

सुई आईच्या बोटात गेली. ती म्हणाली, "आत्याने सांगितलं?"

भिंगरी हसायच्या बेतात होती. तिच्या मुठीत कंपनीचा बिल्ला होता, निळा, त्यावर लिहिलेलं, दत्तक खेळाडू. नवी योजना होती. निवडलेल्या खेळाडूचं शिक्षण, खाणंपिणं, बूट सगळं कंपनी बघणार होती आणि पहिलं नाव तिचं निघालं होतं. घरी जाऊन आईची कशी फिरकी घ्यायची हे ती वाटेभर घोळवत आली होती. तिने मूठ उघडली आणि बिल्ला पुढे धरला, पण डोळे आईवर.

"आत्याने काय सांगायचं?"

"काही नाही गं. मला वाटलं..." आईने बोट तोंडात घातलं. शब्द इतके दिवस नुसते साठवले होते, एकही वापरून बघितला नव्हता.

तेवढ्यात नवरा हात पुसत आत आला. भिंगरी त्याच्याकडे वळली. "बाबा, मी दत्तक आहे का?"

त्याच्याकडे सगळ्याला उत्तर असे. मेलेल्या बॅटरीवरही आणि साहेबाच्या रागावरही. आज त्याने बायकोकडे बघितलं, नुसतं बघितलं. भिंगरीने ते बघणं पाहिलं. तिने बिल्ला खाटेवर ठेवला, बूट हातात घेतले आणि अनवाणीच निघून गेली.

बाटलीबाई तिच्या मागे गेली. पहिल्यांदाच फाटकातून गेली, पाटीखालून. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. ऊन होतं. पोरगी सिमेंटच्या पायरीवर बसली होती. आई दोन हात अंतर ठेवून बसली आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. गोष्टीसारखं काही जमलं नाही. मधेच मागचं पुढे गेलं. आम्ही खूप वाट पाहिली, मग तू मिळालीस, एवढंच ती निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

भिंगरीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "निवड होती का तिथे? सर घेतात तशी? रांगेत उभं करून?"

"नाही. तुला एकटीलाच आणून दिलं त्यांनी. दुपट्यात होतीस."

"मग तू तपासलंस का मला? बाटली तपासतेस तसं?"

खोटं बोलायला जागा होती. पण खोटं बोलूनच इथवर आले, असं बाटलीबाईच्या मनात आलं.

"हो," ती म्हणाली. "सवय ना हाताला. बोटं बघितली, कान बघितले, उजेडाकडे धरून डोळे बघितले."

"आणि?"

"डाव्या पायाचा अंगठा वाकडा दिसला."

भिंगरीने आपल्या पायाकडे बघितलं नाही.

"मी दुपटं ओढून पाय झाकला," आई म्हणाली. "तुझे बाबा शेजारी होते, आत्या होती. आत्या तेव्हा आधीच कुरकुरत होती. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून घरी पोचेपर्यंत मी तो पाय मुठीत धरून ठेवला होता."

तिला वाटलं होतं, हे ऐकून पोरगी जवळ सरकेल. भिंगरीने बूट पुढे ओढले. मग म्हणाली, "म्हणजे खोट होती, पण तू लपवलीस. तुला लपवायची सवयच आहे." आणि बूट घालून पळायला गेली. एक फेरी, दुसरी फेरी. आई पायरीवर बसून राहिली. तिने मनात देवाला हाक मारली, पण मागायचं काय ते तिला कळेना. त्याच्याकडे वेळ मागितली होती, ती त्याने दिली होती. वापरली नव्हती तिने.

त्या दिवसानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भिंगरी जेवायची, अभ्यासिकेत जायची, बापाशी कामापुरतं बोलायची. फक्त तिच्या तोंडून आई हा शब्द गेला. आधी कसं, दारातून आत पाय टाकण्याआधी हाक यायची. आता ती समोर येऊन उभी राहायची आणि मगच बोलायची, "चावी कुठे आहे?" "दूध संपलंय." अंगठ्याला तेलही स्वतःच लावायची, पाठ फिरवून. बाटलीबाई पट्ट्यावर बसली की बाटल्या डोळ्यांसमोरून जायच्या आणि तिला दिसायच्याच नाहीत. तडा गेलेल्या बाटल्या पुढे गेल्या म्हणून सुपरवायझरने तिला पहिल्यांदाच हटकलं. चष्मा बदला मावशी, म्हणाला.

योजनेचा समारंभ ठरला. कंपनीच्या समाजकार्य विभागाच्या मॅडमनी भिंगरीसाठी भाषण लिहून दिलं होतं आणि त्याची सुरुवातच होती, मी या कंपनीची दत्तक मुलगी. बाटलीबाई जेवणाच्या सुट्टीत मॅडमच्या खोलीत गेली. खोलीत बॅनरच्या गुंडाळ्या भिंतीला उभ्या होत्या. तिने विचारलं, तो एक शब्द बदलता येईल का. मॅडम तरुण होत्या, मनाच्या चांगल्या होत्या. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यांना पाठ होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून तिला बसवलं.

"मावशी, किती सुंदर शब्द आहे तो. आपलंसं करणं. तुम्हाला का खटकतोय?"

कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि आता ते एकटीचं राहिलं नव्हतं, पोरीचंही होतं. बाटलीबाई म्हणाली, "नाही, सहज आपलं." आणि उठली.

समारंभ मैदानावरच झाला. मांडव, खुर्च्या, हार, साहेबांची भाषणं. कारखान्याच्या कामगाराचीच मुलगी म्हणून सगळ्यांना विशेष कौतुक होतं. बाटलीबाई आणि तिचा नवरा पुढच्या रांगेत बसले होते. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो त्याच्या काखेत घामाने भिजला होता. भिंगरी माईकसमोर आली. हातात कागद होता. तिने कागदाकडे बघितलं आणि तो दुमडून टाकला.

"मी दत्तक आहे," ती म्हणाली. सावकाश म्हणाली, आणि आईकडे बघून म्हणाली. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली. लोकांना वाटलं, पोरगी बिचकली. मॅडमनी हळूच टाळी वाजवली, तिच्यामागे सगळा मांडव वाजायला लागला. त्या टाळ्यांत बाटलीबाईने मान खाली घातली नाही. एवढं तिने केलं. पोरीची नजर तिने झेलली आणि नवऱ्याचा हात धरला. भिंगरीने आभाराचे दोन शब्द बोलून घेतले आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, मी वसतिगृहात जायला तयार आहे, असं सांगितलं. सरांनीसुद्धा चमकून बघितलं.

घरी आल्यावर नवरा बाहेर टेम्पो पुसत राहिला. टेम्पो स्वच्छच होता.

जायच्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी फाटकाशी उभी राहिली. बाटलीबाईने डाव्या बुटात नवी घडी शिवून ठेवली होती, शेजारी खोबरेलाची बाटली भरून ठेवली होती. भिंगरीने बूट घातले, चालून बघितले आणि घडी काढून टाकली नाही. नवऱ्याने ड्रायव्हरला ब्रेक बघून घ्यायला सांगितलं, मग टायर बघायला सांगितले, मग आणखी काही उरलं नाही. पोरीने बापाला वाकून नमस्कार केला. आईलाही केला. वाकून उठताना तिचे डोळे कोरडेच होते, आणि तोंडातून आई हा शब्द आला नाही. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तो हात तिने झटकला नाही, धरलाही नाही.

ती गाडीत बसली. सर पुढे बसले. गाडी सुरू झाली, पाटीच्या सावलीतून थोडी पुढे गेली आणि कचकन थांबली. काच खाली आली. बाटलीबाई एक पाऊल पुढे गेली.

भिंगरी तिच्याकडे बघत नव्हती. ती सरांना सांगत होती, "सर, एक मिनिट थांबा. आईने दिलेली तेलाची बाटली राहिली."

बाटली फाटकाजवळच्या पायरीवरच राहिली होती, कारखान्यातलीच, छोटी. बाटलीबाईने ती उचलली, सवयीने एकदा उजेडाकडे धरली आणि पळतच नेऊन खिडकीतून आत दिली. पोरीने घेतली. काच वर गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर नवऱ्याने विचारलं, काही बोलली का ती. बाटलीबाई म्हणाली, "मला नाही. सरांशी बोलली." मग दोघं फाटकातूनच घरी गेले.