अर्धी कल्हई

ती घटना आठवली की आजही माझा घास हातातच राहतो. आणि माझा घास हातात राहणं म्हणजे काय, ते ठाण्याला डबा देणाऱ्या खानावळवाल्याला विचारा. माझी बदली झाली तेव्हा त्याने पेढे वाटले होते.

वरोऱ्याकडच्या एका बाजारगावात मी ठाणेदार होतो. नावं कुणाचीच सांगत नाही. तिथल्या बुद्धविहाराच्या ओसरीत तांब्याचा एक गंज असे. गंज म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं. किती मोठं? आमचं अख्खं ठाणं लॉकअपसकट त्यात शिजलं असतं. बुद्धपौर्णिमेची खीर, मोहरमचं शरबत, गणपतीचा महाप्रसाद, सगळं त्याच गंजात. ज्याला लागेल तो विहारात येऊन मागे, आणि मागायला आलेल्याला चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नसे.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, सकाळच्या हजेरीलाच विहाराचा नवा सचिव धापा टाकत आला. बरीच वर्षं बाहेर नोकरी करून तो नुकताच गावी परतला होता.

"साहेब, गंज चोरीले गेला. मोहल्ल्यात नेताना लोकायनं पाह्यला."

सणाचे दिवस, दोन वस्त्या. वरून फोन येण्याआधी कारवाई दाखवावी, एवढंच माझ्या डोक्यात आलं. फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, दोन पंच उचलले आणि जीप काढली. ती जीप एरवी चौघांनी ढकलल्याशिवाय हलत नसे; त्या दिवशी पहिल्या चावीला सुरू झाली.

गंज सापडला कल्हईवाल्या चाचांच्या अंगणात. भट्टी पेटलेली, हातात कापूस, नाकात नवसागराचा धूर. पंचनाम्यात घेर मोजताना माझी टेप संपली, पण जोर संपला नाही. गंज जप्त केला, चाचांना ठाण्यात आणलं.

"गंज कोणी दिला तुम्हाला?"

"देते कोण, साहेब? मीच उचलून नेतो. दरसाल."

दरसाल! मी मनात मिशीला पीळ दिला. सराईत चोर स्वतःहून कबुली देत होता. जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला. चाचा मात्र एकच धोशा लावून बसले, "परवा पौर्णिमा हाय, साहेब. अर्धी कल्हई राह्यली. तेवढी करू द्या, मंग टाका अंदर."

दुपारी विहारातल्या एक वृद्ध बाई आल्या. थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊले काऊन आणलं?"

"बाई, त्यांनी विचारल्याशिवाय गंज नेला."

"माह्या सासूच्या काळापासून त्याच्या घरचेच नेतात. खिरीआधी कल्हई करून आणून ठेवते. पैसे देले तं रागावते. घरच्या माणसानं घरचं भांडं घासाले विचारावं काय?" मग गंजाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आत पाहा. चोर का चकचकीत करून ठेवते?"

मी वाकून पाहिलं. अर्धा तळ चांदीसारखा, अर्धा काळा.

चाचांना तेव्हाच चहा पाजून, माफी मागून सोडलं. पण गंज सुटेना. गुन्हा नोंदवलेला, मुद्देमाल सीलबंद. आता कोर्टाचा आदेश हवा. त्या पौर्णिमेची खीर भाड्याच्या पातेल्यांत झाली. सचिव बिचारा तोंड लपवत फिरला. तारखा पडत गेल्या. तोवर विहाराने स्टीलचं पातेलं घेतलं, मोहल्ल्याने आपलं घेतलं, गणेश मंडळानेही घेतलं. प्रत्येकावर नाव कोरलेलं. कुणाला कुणाकडे मागायला जायची गरज उरली नाही, आणि तो चहाही संपला. दंगल होऊ नये म्हणून मी धावलो होतो. दंगल झाली नाही. शेजार तेवढा मोडला. स्टेशन डायरीत एक नोंद घेऊन आधी बाईंना विचारलं असतं, तर घटकेत निपटलं असतं.

निवृत्तीनंतर मुद्दाम त्या गावी गेलो. कोर्टातून कधीचाच सुटून आलेला गंज ओसरीत आडवा पडला होता, आत अजून अर्धीच कल्हई.

"चाचा करत नाहीत का आता?" मी बाईंना विचारलं.

"गेलती मी बोलवाले. म्हणते, बाई, गंज तुमीच न्याले देला म्हणून आधी कोणी लिहून द्या." बाईंनी पदराने गंजावरची धूळ पुसली. "घरच्या माणसाले कोणी लिहून देते काय, साहेब? मले नाई जमलं."

मी खिशातला पेन काढला. "आणा कागद, मी लिहितो."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्याच लिहिण्यानं तं झालं सारं."